विश्लेषण : कोल्हापुरात गर्दी, कूपरेजवर शुकशुकाट, खालच्या लीगमधील फुटबॉल सामन्यांना प्रेक्षक का हवा?

नालासोपारा : नालासोपाऱ्यातल्या फुटबॉलवेड्या तरुणाला इंग्लिश प्रीमियर लीगचा सामना पाहायचा असेल, तर हातातला मोबाइल पुरेसा असतो. आपल्याच राज्यातल्या एखाद्या छोट्या क्लबचा सामना मैदानात बसून पाहायचा असेल, तर मात्र लोकल पकडून थेट चर्चगेट गाठावे लागते. तिथे पोहोचल्यावर अनेकदा रिकाम्या खुर्च्याच स्वागत करतात. दुसरीकडे कोल्हापुरात तालमींच्या सामन्यांना हजारोंची गर्दी होते. दक्षिण कोरियात तर सोलच्या उपनगरातील चाहत्यांनी हातचा गेलेला क्लब पुन्हा उभा केला आणि खालच्या लीगमधून वरच्या लीगपर्यंत नेला. भारतीय फुटबॉलची आर्थिक घडी विस्कटलेली असताना या साऱ्याचा आपल्याशी काय संबंध, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का?

भारतीय फुटबॉलचा गाडा गेली काही वर्षे एका करारावर चालत होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने (एआयएफएफ) डिसेंबर २०१० मध्ये रिलायन्स आणि आयएमजी यांच्या भागीदारीतील कंपनीशी १५ वर्षांसाठी सुमारे ७०० कोटी रुपयांचा व्यावसायिक हक्कांचा करार केला. त्यातूनच पुढे २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली. या कराराची मुदत ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होती. नूतनीकरणाबाबत स्पष्टता नसल्यामुळे जुलै २०२५ मध्येच आयएसएलच्या आयोजकांनी पुढचा हंगाम थांबवत असल्याचे क्लबना कळवले. महासंघाने नव्या भागीदारासाठी निविदा काढली, पण नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. डिसेंबरमध्ये मुंबई सिटी एफसीमधून सिटी फुटबॉल ग्रुप या परदेशी मालकाने अंग काढून घेतले. अखेर ६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी १४ फेब्रुवारीपासून १४ संघांची छोटेखानी आयएसएल होईल, अशी घोषणा केली.

या घडामोडींचा अर्थ सरळ आहे. देशातील सर्वांत वरची लीग टीव्हीचे हक्क आणि एका मोठ्या प्रायोजकावर उभी होती. तो आधार डळमळताच खेळाडूंचे पगार, क्लबचे सराव आणि युवा संघ असे सगळेच अडकून पडले. मैदानात येणारा, आपल्या गावाच्या संघाला वर्षानुवर्षे धरून राहणारा प्रेक्षक हा दुसरा आधार असतो. तो आपल्याकडे किती आहे, हे पाहायचे तर आयएसएलकडे नव्हे, खालच्या लीगकडे पाहावे लागते.

खालच्या लीग म्हणजे नेमके काय?

फुटबॉलची रचना शिडीसारखी असते. भारतात २०२४-२५ च्या हंगामात सर्वांत वर आयएसएल आणि तिच्या खाली आय-लीग होती. तिच्याखाली आय-लीग २ आणि आय-लीग ३ आणि त्याखाली राज्य आणि जिल्हा संघटनांच्या लीग होत्या. महाराष्ट्रात राज्य पातळीवरचा कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन अर्थात ‘विफा’कडे आहे, तर मुंबईतील लीग मुंबई फुटबॉल असोसिएशन (एमएफए) चालवते. कोल्हापुरात हेच काम कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन (केएसए) करते.

शिडीला अर्थ येतो तो बढती आणि घसरण यामुळे. पहिला आलेला संघ वर जातो, शेवटचा खाली येतो. आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये जाण्याचा मार्ग २०२२-२३ च्या हंगामापासून खुला झाला. त्यातून पंजाब एफसी, मोहम्मडन स्पोर्टिंग आणि इंटर काशी हे तीन संघ वर गेले. यातील इंटर काशीला तर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाच्या निकालानंतर विजेतेपद मिळाले. मात्र २०२४-२५ पर्यंत आयएसएलमधून एकही संघ खाली आला नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर केलेल्या महासंघाच्या घटनेत सर्वोच्च लीगसाठी बढती-घसरणीचे तत्त्व आहे. ते कसे आणि कधी राबवले जाते, यावर खालच्या लीगमधील सामन्यांचे मोल ठरणार आहे. तळाच्या संघाला गमावण्यासारखे काही नसेल आणि वरच्याला कमावण्यासारखे, तर प्रेक्षकाने उन्हात दोन तास का बसावे?

नालासोपाऱ्याहून सामना पाहायला जायचे, तर?

पहिली अडचण अंतराची. चर्चगेट ते विरार हा मार्ग ६० किलोमीटरचा आणि नालासोपारा विरारच्या अलीकडचे स्थानक. कूपरेजचे मैदान चर्चगेटपासून चालत जाण्याजोगे आहे. पण तिथवर पोहोचायलाच जलद लोकलने सव्वा तासाहून अधिक वेळ जातो. मुंबईच्या लीगचे काही सामने वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर होतात. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणाऱ्या मुंबईकर नेव्हिल डिसोझा यांचे नाव या मैदानाला दिले आहे. आयएसएल पाहायची असेल तर अंधेरी क्रीडा संकुलातील मुंबई फुटबॉल अरिना गाठावे लागते. त्यासाठी अंधेरीला उतरून मेट्रोने आझाद नगरला जाता येते.

दुसरी अडचण वेळेची. खालच्या लीगचे बरेच सामने कामाच्या दिवशी दुपारी होतात. म्हणजे नोकरदार प्रेक्षक आपोआप बाद. रविवारचा सामना असेल तर मेगाब्लॉक आहे का, हे आधी पाहावे लागते. तिसरी अडचण माहितीची. वेळापत्रक अनेकदा थोडेच दिवस आधी समाजमाध्यमांवर जाहीर होते आणि बदलतेही. आयपीएलचा सामना कधी आहे हे शोधावे लागत नाही. आय-लीग ३ चा सामना मात्र खास शोधावा लागतो.

एवढे करून जो पोहोचतो, त्याच्या पदरात मात्र चांगला सौदा पडतो. खेळाडू अगदी हाकेच्या अंतरावर असतात. प्रशिक्षकाच्या सूचना, गोलरक्षकाची ओरड, बूट चेंडूवर आदळल्याचा आवाज, सगळे ऐकू येते. तिकीट नसते किंवा नाममात्र असते. टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. मैदानात मात्र चेंडू नसलेला खेळाडू काय करतो, हे दिसते. खेळ शिकणाऱ्या मुलांसाठी ही फुकटची शिकवणीच.

मुंबईत प्रेक्षक कधी होता आणि गेला कुठे?

मुंबईला फुटबॉल नवा नाही. रोव्हर्स चषक ही देशातील जुन्या स्पर्धांपैकी एक, ती १८९१ मध्ये मुंबईतच सुरू झाली. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे ती जिंकली, तेव्हा कूपरेजचा दबदबा देशभर होता. ही स्पर्धा २०००-०१ नंतर बंद पडली.

त्यानंतरची यादी वाचली की प्रेक्षक का तुटला, ते कळते. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. एअर इंडिया आणि ओएनजीसी या संस्थात्मक संघांना परवान्याचे निकष पूर्ण न केल्यामुळे २०१३-१४ पूर्वी आय-लीगमधून वगळण्यात आले. २००७ मध्ये सुरू झालेल्या मुंबई एफसीला कूपरेजचे नूतनीकरण सुरू असताना घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. २०१७ मध्ये आय-लीगमधून घसरण झाल्यावर तोही बंद झाला. मुंबई केंकरे एफसीने २०२२-२३ मध्ये आय-लीगचे सामने पुन्हा कूपरेजवर आणले, पण त्याच हंगामात हा संघ खाली घसरला. पुण्यातही पुणे एफसी, भारत एफसी आणि डीएसके शिवाजियन्स हे तीन क्लब २०१५ ते २०१७ या काळात पडद्याआड गेले.

म्हणजेच २०१० मध्ये दहा वर्षांच्या असलेल्या मुलाने त्या वेळी कोणत्याही संघाचा झेंडा हाती घेतला असता, तरी तो अठरा वर्षांचा होईपर्यंत आय-लीगमधील त्याचा संघ नाहीसा झाला असता. प्रेक्षक येत नाहीत म्हणून क्लब बंद पडतात, हे अर्धसत्य आहे. क्लब टिकत नाहीत म्हणूनही प्रेक्षक तयार होत नाहीत.

मग कोल्हापुरात गर्दी कशी?

कोल्हापूरचे उत्तर पेठांमध्ये आहे. तिथले संघ कंपन्यांचे नाहीत, तालमी आणि तरुण मंडळांचे आहेत. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी ही नावे म्हणजे त्या त्या भागाची ओळख. राजर्षी शाहू स्टेडियमवर केएसएची लीग आणि नेत्यांच्या नावाने होणाऱ्या चषक स्पर्धा सुरू झाल्या की शहरात दुसरा विषय नसतो. स्टेडियम शहराच्या मधोमध आहे, हंगाम ठरलेला आहे आणि संघ पिढ्यानपिढ्या तेच आहेत. आजोबा ज्या तालमीचे, नातूही त्याच तालमीचा. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. समर्थकांमधील हाणामाऱ्या, दगडफेक आणि त्यामुळे थांबलेले सामने हेही कोल्हापूरने पाहिले आहे. कुटुंबासह सामन्याला येणाऱ्यांना त्यामुळे धास्ती वाटते. शिवाय एवढी गर्दी असूनही कोल्हापूरचा एकही तालीम संघ आय-लीगमध्ये खेळलेला नाही. राष्ट्रीय लीगसाठी क्लबला परवाना, पगारी प्रशिक्षक, वयोगटाचे संघ आणि प्रवासखर्च असा मोठा पसारा लागतो. गर्दी एकीकडे आणि शिडी दुसरीकडे, अशी ही स्थिती आहे.

कोरियातील उदाहरण काय सांगते?

दक्षिण कोरियाची राजधानी सोल आणि बंदराचे शहर इंचॉन यांच्यामध्ये बुचॉन हे सुमारे आठ लाख वस्तीचे शहर आहे. राजधानीकडे रोज उपनगरी गाड्यांनी ये-जा करणारे हे शहर नालासोपाऱ्याच्या वाचकाला अनोळखी वाटू नये. या शहराचा व्यावसायिक क्लब २००६ मध्ये मालक कंपनीने उचलून थेट जेजू बेटावर नेला. चाहत्यांना कुणी विचारलेही नाही. या चाहत्यांनी २००७ मध्ये स्वतःचा क्लब स्थापन केला. समर्थकांच्या गटाची मुळे ज्या वर्षात होती, ते १९९५ हे वर्ष त्यांनी नावातच घेतले : बुचॉन एफसी १९९५. २००८ पासून हा संघ तेव्हा हौशी पातळीवर असलेल्या के-३ लीगमध्ये खेळू लागला. २००९ मध्ये त्यांनी इंग्लंडमधील एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर या संघाला मैत्रीपूर्ण सामन्यासाठी बोलावले. तो क्लबही मँचेस्टर युनायटेडच्या मालकीबदलावर नाराज झालेल्या चाहत्यांनीच २००५ मध्ये काढलेला.

कोरियात २०१३ मध्ये व्यावसायिक लीगची दुसरी श्रेणी सुरू झाली, तेव्हा बुचॉनला तिथे जागा मिळाली. त्यानंतर तेरा हंगाम हा संघ दुसऱ्याच श्रेणीत होता. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये बढतीच्या लढतीत सुवॉन एफसीला हरवून बुचॉन प्रथमच सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. भारतात व्यावसायिक करार संपून लीग अधांतरी होती, तोच हा महिना.

शेजारच्या अनयांगचीही कथा अशीच. तिथला एलजी चीताज हा क्लब २००४ मध्ये सोलला हलवला गेला आणि पुढे एफसी सोल झाला. अनयांगच्या समर्थकांनी पाठपुरावा सोडला नाही. २०१३ मध्ये शहराचा नवा क्लब उभा राहिला. द्राक्षांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहराने संघाला जांभळा रंग दिला. २०२४ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून एफसी अनयांग वर गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलच्या विश्वचषक स्टेडियमवर एफसी सोलशी लीग सामना खेळला. त्या दिवशी ४१ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. सामना अनयांग हरला. पण २१ वर्षांपूर्वी ज्यांचा संघ नेला गेला, त्यांच्यासाठी तिथे उभे राहणे हाच विजय होता.

कोरियाचे सगळेच अनुकरणीय आहे का?

नाही. बुचॉन आणि अनयांग हे ‘नागरिकांचे क्लब’ म्हटले जात असले, तरी त्यांच्या खर्चाचा मोठा भार महापालिकेच्या अनुदानावर असतो. महापौर बदलला की धोरण बदलण्याची टांगती तलवार असते. करदात्यांचा पैसा फुटबॉल संघावर का, हा प्रश्न तिथेही विचारला जातो. शिवाय के-३ आणि त्यावरील व्यावसायिक श्रेणी यांच्यात अनेक वर्षे थेट बढती-घसरण नव्हती. २०१३ मध्ये बुचॉन वर गेला तोही गुणतालिकेच्या जोरावर नव्हे, तर नव्या श्रेणीत सामावून घेतल्यामुळे.

तरीही तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. क्लबचे नाव आणि मैदान शहराशी बांधलेले आहे. बुचॉनमध्ये तर स्टेडियमच्या नावाचेच मेट्रो स्थानक आहे. हंगामाचे वेळापत्रक आधी ठरते. आणि खालच्या लीगमध्येही समर्थकांचा संघटित गट असतो, जो संघ हरला तरी पुढच्या आठवड्यात येतो.

भारतात असे घडू शकते का?

काही प्रमाणात घडतेही आहे. सियालदह येथून निघणाऱ्या उपनगरी रेल्वेच्या दक्षिणेकडील एका टोकाला डायमंड हार्बर आहे, जणू कोलकात्याचे विरारच. तिथला डायमंड हार्बर एफसी २०२२ मध्ये स्थापन झाला. आय-लीग ३ आणि आय-लीग २ पार करत तो आय-लीगपर्यंत गेला आणि २०२५ मध्ये ड्युरँड चषकाच्या अंतिम फेरीत खेळला. त्यामागे मोठे राजकीय पाठबळ होते, हे खरे. पण उपनगरी गाडीच्या टोकाचे गावही शिडी चढू शकते, हे त्यातून दिसले.

उलट उदाहरण गोव्याचे. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा यांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगच्या नव्या रचनेच्या निषेधार्थ आय-लीगमधून माघार घेतली, पाठोपाठ धेंपोही बाहेर पडला. वर जाण्याची वाटच बंद होणार असेल तर पैसा का ओतायचा, हा त्यांचा सवाल होता. धेंपो आय-लीगमध्ये परतला तो थेट २०२४-२५ मध्ये. मधल्या काळात मोठी झालेली मुले या संघाला राष्ट्रीय लीगमध्ये पाहू शकली नाहीत.

वसई-विरारने यातून काय घ्यावे?

२०११ च्या जनगणनेनुसार वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती, म्हणजे आजच्या बुचॉनपेक्षाही जास्त. वसईच्या ख्रिस्ती गावांमध्ये फुटबॉलची जुनी आवड आहे. महापौर मॅरेथॉनला रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे राहतात आणि डिसेंबरातील कला-क्रीडा महोत्सवाला गर्दी होते. म्हणजे प्रेक्षक आहे. त्याला दर आठवड्याला जाण्याजोगे ठिकाण नाही.

लगेच महापालिकेने क्लब काढावा, असे कुणी म्हणणार नाही. पाणी, रस्ते आणि लोकलची गर्दी यांच्याशी झुंजणाऱ्या शहरात ती मागणी टिकणारही नाही. पण त्याहून स्वस्त आणि शक्य अशा गोष्टी आहेत. विकास आराखड्यातील मैदानांची आरक्षणे मोकळी राहिली पाहिजेत. त्यातील एका मैदानावर बसण्याच्या पायऱ्या, दिवे, स्वच्छतागृह आणि महिलांसाठी सुरक्षित जागा हवी. जिल्हा पातळीवरचे सामने शनिवार-रविवारी संध्याकाळी, ठरलेल्या वेळी व्हावेत आणि हंगामाचे वेळापत्रक आधी जाहीर व्हावे. कोल्हापूरसारखी भागाभागाची ओळख संघांना मिळाली, तर नालासोपारा पूर्व विरुद्ध पश्चिम या सामन्याला जाहिरातीची गरज उरणार नाही.

एका प्रेक्षकाने काय फरक पडतो?

तिकिटाच्या पैशांनी खालच्या लीगमधील क्लब चालत नाही, हे मान्य करावे लागेल. पण तीनशे माणसे दर आठवड्याला येतात असे दिसले, तर स्थानिक दुकानदार फलक लावायला तयार होतो, नगरसेवक मैदानाकडे लक्ष देतो, त्या जागेवर पार्किंग किंवा इमारत आणणे अवघड होते. खेळणाऱ्या मुलालाही कुणीतरी आपल्याला पाहते आहे, हे कळते. आयएसएलचा प्रायोजक एका निर्णयाने दूर होऊ शकतो. बुचॉनचे प्रेक्षक क्लब गेल्यावरही तिथेच राहिले आणि म्हणून क्लब परत आला.

भारतीय फुटबॉलला पुढचा गुंतवणूकदार कोण मिळेल, याची चर्चा दिल्लीत सुरू राहील. तोवर पुढच्या सुट्टीच्या दिवशी मेगाब्लॉक नसेल, तर कूपरेजचा किंवा वांद्र्याचा एक सामना पाहून यायला हरकत नाही. परतीच्या विरार लोकलमध्ये मोबाइलवर प्रीमियर लीग पाहता येईलच.